हृदयाभोवतीचं पाणी

लादिनाच्या संध्याकाळी कार्मेलिना पाऊण तास गुडघ्यांवर होती आणि वाडीतल्या एकाही माणसाला त्यात काही वावगं दिसलं नाही.

मे महिन्यात वाडीच्या खुरसापाशी, म्हणजे क्रुसापाशी, नऊ दिवस प्रार्थना चालते आणि शेवटच्या दिवसाचं लादीन पाळीपाळीने एकेका घराकडे येतं. लादीन म्हणजे संतांची नावं घेत, गाऊन केलेली लांबलचक विनवणी. मेस्त्री, म्हणजे गाणं सांगणारा, व्हायोलिन धरतो, बायका वरच्या पट्टीत साथ देतात, शेवटी उकडलेले चणे आणि केक वाटतात. यंदाची पाळी कार्मेलिनाची होती. दोन वर्षांपूर्वी तिला छातीचा कॅन्सर निघाला, गोव्यात ऑपरेशन झालं, मग केमोच्या फेऱ्या झाल्या. डिसेंबरात फुप्फुसाशी पाणी साचलं, ते सुईने काढलं आणि ती चालत घरी आली. आता आठवडाभर तिला पुन्हा दम लागत होता. गोव्याच्या डॉक्टरांनी सोमवारी बोलावलं होतं, तर तिने परस्पर फोन करून गुरुवार मागून घेतला.

“खुरसाची पाळी धा वर्सांनी येता,” ती म्हणाली होती. “डॉक्टर रोज आसताच.”

म्हणून ती बुधवारी संध्याकाळी अंगणात होती. वेताच्या खुर्चीवर दोन्ही कोपरं, मुठींवर कपाळ, गुडघे जमिनीला. बाकीच्या बायका मध्येच उठल्या, बसल्या, पोरांना दटावून आल्या. ती हलली नाही. शेजारच्या सत्यवतीकाकी दर वर्षी लादिनाला येत, गाणं आवडतं म्हणून आणि चण्यांसाठीही. त्यांनी कार्मेलिनाच्या मुलीला, सँड्रीनाला, कोपराने ढोसलं.

“बघ गो, आवस तुझी. आमी देवाफुडे पाच मिनटां बसलंव तर पायांक मुंगयो येतत. ह्येका म्हणतत भक्ती.”

शेवटची ओळ संपली, व्हायोलिन थांबलं, तरी कार्मेलिना वाकलेलीच. मेस्त्री मोठ्याने म्हणाला, “कार्मेलिन, ऊठ आता. होते नव्हते ते सगळे संत संपले. माझ्याकडे आणखी नावां नाय.”

सगळे हसले. कार्मेलिनाही मान न उचलता हसली, असं खांद्यांवरून वाटलं. सँड्रीना मालवणच्या हायस्कुलात मराठी शिकवते. नसत्या भावुकपणाची तिला चीड आहे. पण त्या क्षणी तिलाही आईचा अभिमान वाटला. तिने फोटो काढला आणि दोहाला भावाला, सनीला पाठवला. त्याचे जोडलेले हात लगेच आले.

सकाळी साडेसहाला सँड्रीना उठली तेव्हा आई हॉलमध्ये त्याच खुर्चीपुढे त्याच आसनात होती. खुर्चीवर उशी, उशीत तोंड. जपमाळ खिळ्याला लटकत होती. वेदीवरची मेणबत्ती पेटलेली नव्हती.

“मांय, कधी उठलंस?”

“निजलंय... खंय?”

“रातभर अशीच बसलंस?”

“आडवी झालंय... की कोणतरी... छातयेर बसता.” दोन शब्दांमागे एक श्वास असं तिचं बोलणं चाललं होतं. “वाकलंय की... वायच दम... येता.”

सँड्रीना तिच्या शेजारी फरशीवर बसली. “काल लादिनाक पण?”

कार्मेलिनाने उशीतच मान डोलावली. “मेस्त्र्याक... सांगू नको,” ती म्हणाली. “तेका वाटला... भक्ती.”

खिडकी उघडल्यावर उजेडात आईचं तोंड दिसलं. ओठ राखेच्या रंगाचे झाले होते. मानेवरची शीर कानापर्यंत तट्ट फुगली होती. हात गार, कपाळावर घाम, आणि मेच्या त्या उकाड्यात घामही गार. पावलं सुजून चकचकीत झालेली. ती पावलं सँड्रीनाने तीन दिवसांपूर्वीच पाहिली होती.

तीन दिवसांपूर्वी आई म्हणाली होती, “चपला पायात जाईनत नाय. लादिनाक काय अनवाणी फिरू?” पापांचे, म्हणजे वडिलांचे, मागे पाय सुजायचे तेव्हा डॉक्टरांनी पाण्याची गोळी दिली होती. त्या पट्टीतल्या सात गोळ्या कपाटात उरल्या होत्या. डिसेंबरात आईच्या अंगात पाणी झालं, आताही पाणीच झालं असणार, आणि पाणी उतरवायची गोळी घरात आहे. हा हिशोब सँड्रीनाने कुणाला न विचारता केला. सोमवारी अर्धी गोळी दिली, मंगळवारी एक, बुधवारी लादिनाच्या आधी आणखी एक. सूज उतरली नाही. आईला उभं राहिलं की अंधारी मात्र येऊ लागली. उपास केल्यासारखं होतंय, एवढंच तेव्हा सगळ्यांना वाटलं.

शंकरची व्हॅन साडेसातला दारात आली. शंकर वाडीतलाच, लग्नांची आणि दवाखान्यांची भाडी तोच मारायचा. वडील, साल्वादोर, गोव्याच्या कागदांची फाईल मांडीवर घेऊन पुढे बसला. एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून तो निवृत्त झाला होता आणि कुठल्याही गाडीत बसला की आधी इंजिनाचा आवाज ऐकायचा. आज ऐकला नाही. मागच्या सीटवर कार्मेलिना पुढच्या सीटच्या पाठीला मिठी मारून वाकली होती आणि सँड्रीनाने तिचं मनगट धरलं होतं.

नेरूरपारचा पूल येईपर्यंत ती ते नुसतंच धरून होती. पुलावर तिच्या बोटांना काहीतरी जाणवलं. नाडी पातळ होती, फार जलद होती, पण होती. आईने श्वास आत घेतला की ती नाहीशी व्हायची आणि श्वास सोडला की परत यायची. आपलं बोट सरकलं असेल म्हणून सँड्रीनाने नीट चाचपून पाहिलं. श्वास आत, नाडी नाही. श्वास बाहेर, नाडी आहे. तिने आयुष्यभर पुस्तकं वाचली होती, त्यांतली कितीतरी माणसं तिच्या डोळ्यांदेखत मेली होती, पण हे तिने कुठेच वाचलेलं नव्हतं.

“शंकर, कुडाळला थांब. जो पहिला फिजिशियन असेल तिथे.”

“थांबूचा नाय,” साल्वादोर म्हणाला. “सरळ गोव्याक. तिचे सगळे पेपर थंय आसत. हय नवे डॉक्टर नव्यान सगळा इचारीत बसतले.”

“पापा, तिची नाडी जाते आणि येते.”

“डिसेंबरात पण असाच झाला होता.”

“असं नव्हतं झालं.”

“तू डॉक्टर काय गो?”

ती डॉक्टर नव्हती, आणि हा प्रश्न त्या तीन दिवसांत तिला कुणी विचारायला हवा होता. मागे कार्मेलिनाची मान एकदा कलंडली आणि पुन्हा सावरली. शंकरने आरशात ते पाहिलं.

“सालूभाऊ,” तो म्हणाला, “गोवा अजून दोन तास. माका भाडा बुडाला तरी चलात, पण माझ्या गाडयेत असला काय नको.” आणि कुणाच्या हो-नाहीची वाट न बघता त्याने कुडाळच्या बाजारातून गाडी आत वळवली.

पहिल्या मजल्यावरचं बारा खाटांचं रुग्णालय होतं. डॉक्टर तेजस्वी, जवळच्याच वालावल गावची, वय पस्तिशीच्या आत, केस रबराने बांधलेले, अर्धा चहा टेबलावर. स्ट्रेचरवर आडवं करायला लागताच कार्मेलिना बुडणाऱ्या माणसासारखी हात मारू लागली.

“नको, नको, बसू दे त्यांना,” तेजस्वी म्हणाली. “काकी, पुढे वाका. हवं तसं वाका.”

तिने पाठीला स्टेथोस्कोप लावला, दोन्ही बाजूंनी, वर, खाली. मग छातीला. मग पुन्हा पाठीला. सँड्रीनाने सांगून टाकलं, “डिसेंबरमध्ये फुप्फुसात पाणी झालं होतं. तेच परत झालंय.”

“फुप्फुसं स्वच्छ आहेत,” तेजस्वी म्हणाली. “दोन्हीकडे हवा छान जातेय. आणि तरी एवढा दम.” ती मानेच्या शिरेकडे बघत होती. “हृदयाचा आवाज मात्र लांबून आल्यासारखा येतोय. भिंतीपलीकडून.”

तिने रक्तदाबाचा पट्टा बांधला आणि हवा इतकी सावकाश सोडली की साल्वादोर वैतागला. आवाज काही वेळ फक्त श्वास सोडताना येत होता; काटा बराच खाली आल्यावर तो दोन्ही वेळा येऊ लागला. तिने आकडे पुटपुटले. ऐंशीच्या आसपास. ईसीजीच्या कागदावर एरवी उंच दिसणाऱ्या रेघा मुंगीएवढ्या उमटल्या होत्या, एक जरा मोठी, एक लहान, पुन्हा मोठी, पुन्हा लहान. मग तिने सोनोग्राफीचं यंत्र खेचून आणलं.

पडद्यावर काळं दिसलं. त्या काळ्याच्या मधोमध आईचं हृदय होतं आणि ते एका जागी राहत नव्हतं. ठोक्यागणिक ते या कडेपासून त्या कडेपर्यंत झुलत होतं.

“हे काळं म्हणजे पाणी,” तेजस्वी म्हणाली. “हृदयाभोवती एक पिशवी असते, तिच्यात. कॅन्सर तिथे पोचला की असं होतं.”

साल्वादोरने डॉक्टरांसाठी ऑफिसात बोलायची मराठी नेटाने काढली. “म्हणजे हार्ट फेल झालंय का, मॅडम?”

“नाही. हृदय चांगलं आहे. पण पिशवी भरलीय आणि ती त्याला बाहेरून दाबतेय. त्याला उघडायला जागाच नाही. रक्त आत आलं नाही तर ते बाहेर काय टाकणार?”

साल्वादोरची मराठी तिथे संपली. “म्हणजे पंप बरो आसा,” तो हळू म्हणाला. “भरूकच गावत नाय तेका.”

“बरोबर तेच.”

नर्सने हातात सुई घातली आणि सलाईनची बाटली लावली. तेजस्वी म्हणाली, “जोरात सोड.” साल्वादोरने बाटलीची नळीच धरली.

“ह्या काय करतास? पाण्यान ती मरता म्हणतास आणि वयल्यान आणखी पाणी घालतास?”

“काका, पाणी पिशवीत आहे, शिरांत नाही. शिरा रिकाम्या पडल्या तर हृदयात जे थेंबभर जातंय तेही जायचं नाही. आत भरलेलं असलं तरच ते त्या दाबाशी झगडू शकेल. सोडा नळी.” मग तिने सँड्रीनाकडे वळून विचारलं, “दाब अपेक्षेपेक्षा फारच कमी आहे. गोव्याच्या औषधांव्यतिरिक्त काही दिलंय का? लघवी होण्याची गोळी वगैरे?”

“कायेक नाय,” साल्वादोर म्हणाला. “बाहेरचा कायेक नाय.”

सँड्रीनाला वडिलांचा हात दिसत होता; तो अजून नळीवरच होता. आत्ता गप्प राहिलं तर कुणालाही कधीच कळणार नव्हतं.

“मी दिली,” ती म्हणाली. “पापांची पाण्याची गोळी. तीन दिवस. अडीच गोळ्या.”

साल्वादोरने नळी सोडली. तो मुलीकडे बघत राहिला, आणि त्याने काहीतरी बोलावं, ओरडावं, असं तिला वाटत राहिलं.

“बरं झालं सांगितलंत,” तेजस्वी म्हणाली, तेही अर्धं नर्सकडे बघत. “दुसरी बाटली तयार ठेव.”

गोव्याच्या डॉक्टरांना फोन लागला. तेजस्वी बाहेर व्हरांड्यात बोलली, तरी सगळं ऐकू येत होतं. हो, झुलतंय. हो, ऐंशी. नाही, इथे सर्जन नाही. मग बराच वेळ ती नुसती ऐकत होती. आत आली तेव्हा तिने चहाचा कप उचलला आणि न पिताच ठेवला.

“ते म्हणतात, आधी काढ, मग पाठव. मलाही तेच वाटतं. छातीच्या हाडाखालून सुई घालून पाणी काढायचं. गाडीत घालून पाठवलं तर बांद्यापर्यंतही पोचतील असं मी म्हणू शकत नाही.”

“तुमी आधी केलात हां ह्या?” साल्वादोरने विचारलं.

“शिकताना तीनदा. तेव्हा शेजारी सर होते.”

“आणि सुई हृदयाक लागली तर?”

“लागू शकते. यंत्रावर बघत जाईन, तरी लागू शकते.”

“मी सनीक इचारतंय,” साल्वादोर म्हणाला आणि फोन काढला. दोहात सनीची कामाची पाळी सुरू झाली असणार. घंटा वाजून वाजून बंद झाली. त्याने पुन्हा लावला. पुन्हा तेच. तो तिसऱ्यांदा नंबर दाबत असताना खाटेवरून आवाज आला.

“सालू.” कार्मेलिनाने उशीतून तोंड काढलं होतं. “तो दोहात... बसान काय... सांगतलो? माका... इचारा.”

तेजस्वी तिच्यापुढे खाली बसली. तिची दवाखान्यातली मराठी गळाली. “काकी, सुई घालूची लागतली. दुखतला. भियाचा पण आसा. घालू?”

“तू खंयची... गो?”

“वालावलची.”

“मगे घाल,” कार्मेलिना म्हणाली, जणू वालावलची असण्याने काही सिद्ध होत होतं. “आणि ह्येका... भायर ने. हो तुका... मधीच... शिकवीत बसतलो.”

साल्वादोर बाहेर गेला नाही. तो दाराला पाठ लावून उभा राहिला. सही सँड्रीनाने केली, आईच्या वेड्यावाकड्या सहीखाली.

उशा लावून तिला अर्धवट बसवलं. जागा बधिर केली. एक लांब सुई, तिच्यामागे मोठी सिरिंज. तेजस्वीची एक नजर पडद्यावर, एक हातावर. सुई छातीच्या मधल्या हाडाच्या टोकाखालून आत शिरली आणि डाव्या खांद्याच्या रोखाने पुढे जाऊ लागली. दर जराशा अंतरावर ती दट्ट्या मागे ओढून बघत होती. काही येत नव्हतं. नर्स दर मिनिटाला दाब सांगत होती. अठ्ठ्याहत्तर. सत्तर. सँड्रीनाच्या हातातलं मनगट आता श्वास आत असो वा बाहेर, रिकामंच होतं.

“मांय,” ती म्हणाली. आईने डोळे उघडले नाहीत.

मग सिरिंज भरली, एकदम, आणि जे आलं ते लाल होतं.

“रगात!” साल्वादोर दारातून पुढे आला. “सुई लागली! काढा ती, काढा!”

“थांबा!” तेजस्वीचा आवाज पहिल्यांदा चढला. तिने सुई हलू न देता सिरिंज सोडवली आणि त्यातलं थोडं स्टीलच्या वाटीत ओतलं. “हे हृदयातलं रक्त असेल तर वाटीत गोठेल. पिशवीतलं असेल तर पातळच राहील. सँड्रीनाताई, वाटी धरा. हलवत राहा आणि मला सांगा.”

सँड्रीनाने वाटी हातात घेतली. घरी या मापाच्या वाटीत सोलकढी देत. तिने ती तिरकी केली, सरळ केली, पुन्हा तिरकी केली. पातळ लाल पाणी या कडेला गेलं, त्या कडेला आलं. तिने देवाला काही म्हटलं नाही. काल संध्याकाळी पाऊण तास सगळ्यांनी मिळून म्हटलं होतं. ती नुसती बघत राहिली की कुठे धागा धरतोय का, कुठे साय येतेय का. मिनिट गेलं. दुसरं गेलं. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा तिसऱ्या फेरीला निघाला.

“पातळच आहे,” ती म्हणाली. “गोठत नाही.”

तेजस्वीने श्वास सोडला आणि दुसरी सिरिंज लावली. साठ मिली निघालं. नर्स म्हणाली, “नव्वद.” आणखी साठ. “शंभर, मॅडम. एकशे चार.” आणि सँड्रीनाच्या बोटांखाली नाडी आली, आधी चोरपावलांनी, मग ठसठशीत, आईने श्वास आत घेतला तरी ती तिथेच राहिली.

सुईच्या जागी बारीक नळी बसवली आणि नळीला पिशवी जोडली. सावकाश सातशे मिली निघालं, पाऊण लिटरच्या बाटलीपेक्षा थोडं कमी. दुपारी साडेबाराच्या सुमाराला कार्मेलिना उशा काढायला सांगून पाठीवर सपाट झोपली आणि दीड तास उठली नाही. साल्वादोर खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बसून तिच्या छातीची वर-खाली बघत राहिला. मुलीशी तो अजूनही बोलला नव्हता.

बोलली ती कार्मेलिनाच, जागी झाल्यावर. “कित्याक दोघां अशी तोंडां करून बसलास? गोळी तिणा दिली, पण खाल्ली मिया. माका चपला घालूच्यो होत्यो. अर्धा पाप माझा.” मग थोडं थांबून, “आणि तू सालू, तुझ्या गोळयो संपूच्या आधी बंद कोणी करूक सांगितल्यान रे तुका?”

साल्वादोरने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. बऱ्याच वेळाने त्याने हात मागे करून सँड्रीनाचं डोकं एकदा चाचपलं.

व्हरांड्यात तेजस्वीने सँड्रीनाला सांगितलं ते कुठेही न अडखळता सांगितलं. बहुधा मनात आधी म्हणून पाहिलं असावं. आज जीव वाचला. पाणी पुन्हा साचू शकतं. गोव्यात पिशवीला छोटी खिडकी पाडतील, म्हणजे साचलं तरी दाबणार नाही. पण कॅन्सर हृदयाच्या पिशवीपर्यंत आला आहे, आणि तिथून तो मागे जात नाही.

“किती?” सँड्रीनाने विचारलं.

“आठवडे. चांगलं झालं तर थोडे महिने. वर्ष मी म्हणणार नाही.”

“तिला सांगितलंत?”

“त्यांनी विचारलं नाही. विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. पण आधी तुम्ही बोललात तर बरं.”

कार्मेलिना त्यानंतर अडतीस दिवस जगली. पण त्या दुपारी हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ॲम्ब्युलन्स झारापच्या पुढे गेली तेव्हा ती बोलायची थांबतच नव्हती. आठवडाभर साठलेलं सगळं ती आज बोलत होती. चण्यांना मीठ कमी पडलं होतं. खुर्च्या मोजून परत द्यायला हव्यात, मागच्या खेपेला दोन गेल्या. वालावलच्या त्या चेडवाला नाताळात नारळ-गुळाचा दोदोल पाठवायचा. पूर्ण वाक्यं, मध्ये श्वास न तोडता. सँड्रीना तिच्याकडे बघत होती आणि डॉक्टरांनी दिलेली वाक्यं तोंडात घोळवत होती, आणि एकही बाहेर येत नव्हतं.

तेवढ्यात सनीचा फोन आला. सकाळचे मिस्ड कॉल बघून तो घाबरला होता. सँड्रीनाने एवढंच सांगितलं की पाणी झालं होतं, काढलं, गोव्याला नेतोय. आईने हात पुढे केला. “हाड तो हय.”

“सनी? मी बरी आसंय रे. जेवलस?”

फोन स्पीकरवर होता. पलीकडून सनीचा मोकळा झालेला श्वास ऐकू आला. “मम्मी! तुझो आवाज किती बरो येता गो! परवा तर तुका बोलूक जमा नाय होता. पप्पाचे मिस्ड कॉल बघून माझे हातपायच गळाले. मी सुट्टी टाकूक निघालंय होतंय.”

“सुट्टी कशाक मगे?”

“तेच म्हणतंय. आता टाकलंय तर नाताळाक गावची नाय. तू बरी आसस तर मी नाताळाकच येतंय. पंधरा दिवस. चलात मा?”

कार्मेलिनाने फोनवरून नजर उचलून मुलीकडे पाहिलं. पुढे ड्रायव्हरशेजारी बसलेल्या साल्वादोरने मान अर्धी वळवली आणि तशीच ठेवली.

“मम्मी? आयकतस मा?”

सँड्रीनाने आईच्या हातातून फोन काढून घेतला नाही. ती फक्त त्याच्यावर वाकली.

“सनी,” ती म्हणाली, “नाताळाक नको. आता ये. ह्याच आठवड्यात.”

कार्मेलिनाने डोळे मिटून घेतले, पुन्हा उघडले, आणि तिचा मोकळा हात सँड्रीनाच्या गुडघ्यावर ठेवला.

“येताना,” ती फोनमध्ये म्हणाली, “सामान जास्त आणू नको.”